महागाई आणि घरात उरणारा पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीच्या घरांच्या जमाखर्चाच्या वह्या मांडून देताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. घर बहुतेक महाराष्ट्रातलं गृहीत धरलं आहे: नोकरदाराचं, भाड्याने राहणाऱ्याचं, शेतकऱ्याचं, पेन्शनवर जगणाऱ्याचं. उदाहरणांतली घरं हिशेब समजावा म्हणून मांडलेली आहेत. सरकारी आकडे मात्र खरे आहेत.

उरणारा पैसा म्हणजे नेमका कोणता? बचत म्हणजेच तो का?

नाही. हातात आलेल्या पैशातून किराणा, दूध, भाजी, भाडं किंवा घराचा हप्ता, वीजबिल, गॅस, जाण्यायेण्याचं भाडं, शाळेची फी, औषधं, आधीच घेतलेल्या कर्जाचे हप्ते हे सगळं दिल्यावर जे राहतं, तो उरणारा पैसा. त्यातून बचत होते, आणि त्यातूनच नाटकाचं तिकीट, लग्नातला आहेर, मुलीची चित्रकलेची शिकवणी, वर्षातून एकदा गावाला किंवा देवाला जाणं, दाताच्या डॉक्टरकडे वेळेवर जाणं हेही होतं.

या पैशाला चैनीचा पैसा म्हणणं मला पटत नाही. घराला काहीतरी निवडता येतं ते याच पैशामुळे. बाकीचा सगळा पगार आला त्या दिवशीच कुणाचा ना कुणाचा ठरलेला असतो.

भाव पाच-सहा टक्केच वाढले म्हणतात. मग महिनाअखेर हात इतका रिकामा का?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल, तर हे वाचा.

महागाई मोजली जाते सगळ्या खर्चावर, पण तिचा भार पडतो तो उरलेल्या पैशावर. किराणा वाढला म्हणून कुणी अर्ध्या महिन्याचं धान्य आणत नाही. आवश्यक खर्चात वाढलेला प्रत्येक रुपया थेट शिलकीतून जातो, आणि शिल्लक मुळात लहान असते.

तीन घरं घेऊ. पहिल्या घरात महिन्याला १,२०,००० रुपये येतात, आवश्यक खर्च ६०,०००. दुसऱ्या घरात ४०,००० येतात, खर्च ३४,०००. तिसऱ्या घरात २२,००० येतात आणि २१,००० जातात. तिघांचाही आवश्यक खर्च ६ टक्क्यांनी वाढला, पगार मात्र आहे तिथेच राहिला. पहिल्या घराचे ३,६०० रुपये वाढीव गेले. ६०,००० उरत होते, आता ५६,४०० उरतात. जाणवेल, पण घर हलणार नाही. दुसऱ्या घराचे २,०४० गेले. ६,००० ऐवजी ३,९६० उरले, म्हणजे शिलकीचा तिसरा हिस्सा गेला. तिसऱ्या घराचे १,२६० गेले, आणि तिथे उरत होते १,०००. ते घर आता दरमहा २६० रुपये उसने घेतं. सुरुवात वाण्याच्या वहीपासून होते.

महागाई तिघांना सारखीच लागली. पहिल्याच्या शिलकीतले ६ टक्के गेले, दुसऱ्याचे ३४, आणि तिसऱ्याची शिल्लकच संपली. म्हणून "महागाई सगळ्यांनाच आहे" हे वाक्य मी कुणाच्या घरात बसून म्हणत नाही.

पगारही वाढतोच ना?

दुसऱ्याच घराचा पगार ४ टक्क्यांनी वाढला असं धरा. हातात ४१,६०० येतील, ३६,०४० जातील, ५,५६० राहतील. आकडा थोडाच घटला, पण त्या ५,५६० मध्ये येणाऱ्या वस्तूही महागलेल्या असतात. सरकारी कर्मचाऱ्याला जानेवारी आणि जुलै अशा दोन तारखांपासून वाढीव महागाई भत्ता लागू होतो, वाढ जाहीर व्हायला उशीर झाला तर मागचा फरकही मिळतो. दुकानात, छोट्या कारखान्यात, घरकामाला, खासगी क्लासमध्ये काम करणाऱ्याला असा भत्ता नसतो. पगार वाढवून मागायला धीर लागतो, आणि मागितला तर काम जाईल ही भीतीही असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई ०.२५ टक्क्यावर आली होती. आमच्या घरात ते का दिसलं नाही?

आकडा खरा होता. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या, म्हणजे २०१२ चे भाव आधाराला धरून मोजणाऱ्या मालिकेतला तो सगळ्यात कमी आकडा. पण तो काय सांगतो, हे नीट बघावं लागतं.

पहिली गोष्ट, हा दर आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकूण महागाई ६.२१ टक्के होती आणि खाद्यपदार्थांची १०.८७ टक्के. इतक्या चढलेल्या भावांशी तुलना केल्यावर पुढच्या वर्षीचा आकडा लहान दिसणारच. त्या महिन्यात भाज्या वर्षभरापूर्वीपेक्षा २७ टक्क्यांहून अधिक स्वस्त होत्या, आणि २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर उतरले होते त्याचाही हातभार लागला.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. महागाई ज्या निर्देशांकावरून काढतात, त्यात प्रत्येक खर्चाला ठरावीक वाटा, म्हणजे वजन असतं. त्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांना एकूण ४५.८६ टक्के वजन होतं: ग्रामीण भागासाठी ५४.१८ आणि शहरी भागासाठी ३६.२९. भाजी उतरली की इतक्या मोठ्या वजनामुळे सगळा आकडा खाली येतो. तुमचा मुख्य खर्च घरभाडं, शाळेची फी आणि आईची औषधं हा असेल, तर कोथिंबीर स्वस्त होऊन तुमच्या घरात फार काही बदलत नाही. आणि ज्या घरात त्या वर्षी लग्न होतं, त्यांनी सोनं पाहिलं असेल. एप्रिल २०२५ मध्येच दहा ग्रॅमचा भाव एक लाखाच्या पुढे गेला होता.

सरकारी आकडा देशातल्या सरासरी घराच्या खरेदीच्या टोपलीचा असतो. तुमच्या घरच्या टोपलीचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल. तो कसा, ते पुढे सांगितलं आहे.

महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले का?

नाही. भाव वाढण्याचा वेग कमी झाला, एवढंच. चढलेले भाव बहुतेक तिथेच राहतात. दरवर्षी ६ टक्के वाढ झाली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतो. भाजीपाला वर-खाली होतो, पण वडापाव, केस कापण्याची मजुरी किंवा शिंप्याची शिलाई एकदा वाढली की पुन्हा खाली आलेली मी पाहिलेली नाही.

टोमॅटो, कांदा, तेल एवढ्याशा गोष्टींवरून इतका गहजब का?

कारण त्या रोज विकत घ्याव्या लागतात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो इतका चढला की देशाची एकूण महागाई ७.४४ टक्क्यांवर आणि खाद्यपदार्थांची ११.५१ टक्क्यांवर गेली. टोमॅटो महिन्या-दोन महिन्यांत उतरतो. तेलाचं तसं नाही. आपण खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त वाटा आयात करतो, त्यामुळे बाहेरच्या देशांतले भाव आणि दिल्लीत ठरणारं शुल्क दोन्ही आपल्या कढईपर्यंत येतात. सप्टेंबर २०२४ च्या मध्यावर कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं. दिवाळीचा फराळ दीड महिन्यावर होता. मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ टक्क्यांवर आणलं.

हे शुल्क वाढवण्यामागे सोयाबीन शेतकऱ्याला भाव मिळावा हा हेतू होता. तो हेतू चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. लातूरच्या शेतकऱ्याचं उत्पन्न आणि मुंबईच्या स्वयंपाकघरातला खर्च एकाच डब्यात असतात, हे लक्षात घेऊनच या प्रश्नाकडे बघायला हवं.

मग भाव वाढले की शेतकऱ्याच्या घरात तरी पैसा उरतो का?

क्वचित. शेतकऱ्याचं घर विकतंही आणि विकतही घेतं. कांदा विकतं, तेल, साखर, साबण, खत, डिझेल, वह्या-पुस्तकं विकत घेतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर बंदी आली ती मे २०२४ पर्यंत होती. नंतर ४० टक्के निर्यात शुल्क, मग २० टक्के, आणि ते पूर्ण उठलं १ एप्रिल २०२५ ला. त्याच वर्षी नाशिकच्या बाजारसमित्यांत कांदा गडगडला. शहरातल्या घराला दिलासा देणारा महागाईचा आकडा लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं उत्पन्न कमी झाल्याचा आकडाही होता. सोयाबीनचं तसंच. २०२४-२५ साठी हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल जाहीर झाला होता, पण बाजारात अनेकांनी त्याच्या बऱ्याच खाली माल दिला.

शेतीत पैसा वर्षातून एक-दोनदा येतो आणि खर्च बाराही महिने असतो. त्यामुळे तिथे उरलेल्या पैशाचा हिशेब महिन्याने मांडू नका, हंगामाने मांडा.

कमी उत्पन्नाच्या घरावर जास्त भार पडतो, हे नुसतं बोलणं आहे की मोजलेलं?

मोजलेलं आहे, आणि फार जुनं आहे. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा, हे त्याने दाखवलं.

आपल्याकडे घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात तेच दिसतं. १९९९-२००० मध्ये ग्रामीण भारतात खर्चाचे ५९ टक्के आणि शहरात ४८ टक्के अन्नावर जात. २०२२-२३ पर्यंत ते ४६ आणि ३९ टक्क्यांवर आले. त्यातला तृणधान्यांचा वाटा तर गावात २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आत आला. दूध, फळं, अंडी आणि तयार खाणं वाढलं. म्हणजे एका पिढीत घरांकडे निवडीला थोडी जागा झाली होती. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात अन्नाचा वाटा पुन्हा किंचित वर गेला: ग्रामीण ४७.०४, शहरी ३९.६८ टक्के. त्या वर्षी माणशी मासिक खर्च गावात सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६ रुपये होता. चार माणसांच्या घरासाठी चाराने गुणा आणि स्वतःच्या वहीशेजारी ठेवून बघा.

गृहकर्जाचा हप्ता तोच आहे, मग व्याजदर वाढल्याचा आम्हाला काय त्रास?

हप्ता तोच राहिला असेल तर जास्त काळजी करा, असं मी सांगते.

मे २०२२ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५ झाला. ३० लाखांचं, २० वर्षांचं, ७ टक्क्यांचं कर्ज असेल तर हप्ता साधारण २३,२५९ रुपये. दर ९.५ झाला की तो २७,९६४ होतो. महिन्याला ४,७०५ रुपये वाढले. वरच्या दुसऱ्या घराच्या शिलकीतला तीन-चतुर्थांशाहून जास्त पैसा एकट्या हप्त्याने खाल्ला असता.

बऱ्याच बँकांनी हप्ता न वाढवता मुदत लांबवली. आता गणित बघा: ३० लाखांवर ९.५ टक्क्याने एका महिन्याचं व्याजच २३,७५० रुपये होतं. जुना हप्ता २३,२५९. म्हणजे नवीनच घेतलेल्या कर्जात तेवढा हप्ता व्याजालाही पुरत नाही, मुद्दल फिटणं दूरच. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला विचारा: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं. लांबलेल्या मुदतीतही हप्त्यातून त्या महिन्याचं व्याज निघालंच पाहिजे, हेही त्यात आहे.

२०२५ मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने खाली आला, डिसेंबरात ५.२५ झाला. आपल्या कर्जाचा दर किती उतरला आणि हप्ते किती राहिलेत, हे बँकेतून लेखी मागून घ्या. परवडत असेल तर दर उतरल्यावरही जुनाच हप्ता चालू ठेवा. मुदत भराभर कमी होते.

भाड्याने राहतो. घरमालक दर अकरा महिन्यांनी वाढ मागतो. काय करावं?

करार करतानाच वाढीचा टक्का लिहून घ्या आणि शक्य असेल तर दोन-तीन वर्षांचा करार करा. घर बदलायचं ठरवलंत तर दलाली, टेंपो, नवं डिपॉझिट आणि मुलांच्या शाळेचं अंतर हे सगळं मांडून मगच ठरवा. दरमहा हजार रुपये वाचवायला गेलेल्या घरांचे पहिल्या वर्षी वीस-पंचवीस हजार गेलेले मी पाहिले आहेत.

प्रवासाचा खर्च किरकोळ धरला तर चालेल का?

नाही. मुंबईत मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. रोज दोन फेऱ्या आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर एका माणसाचे २६० चे ५२० झाले. घरात तिघं बसने जात असतील तर ७८० रुपये वाढले, म्हणजे तेव्हाच्या भावात जवळपास एक गॅस सिलिंडर. त्याच वर्षी २५ जानेवारीपासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आणि १ फेब्रुवारीपासून मुंबईतल्या रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तालुक्याला नोकरीला किंवा कॉलेजला जाणाऱ्या बाईच्या हातात त्यामुळे खराखुरा पैसा राहतो, हे मी वह्यांमध्ये पाहिलं आहे.

पेन्शनवर जगणाऱ्यांचं काय?

त्यांच्याबद्दल लिहिताना मला राग आवरत नाही. सरकारी निवृत्तांना महागाई भत्त्याबरोबर वाढ मिळते. कारखान्यात, गिरणीत, साखर कारखान्यात, सहकारी संस्थेत आयुष्य घालवलेल्यांना मिळते ती ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन, आणि ती महागाईशी जोडलेलीच नाही. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली आणि दहा वर्षं उलटून गेल्यावरही तेवढीच होती. दरम्यानच्या काळात भाव इतके वाढले की २०१४ च्या हजार रुपयांत येणारं सामान आणायला साधारण १,६०० रुपये लागतात. रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घेणारे आजोबा असतात, ते विसरतात म्हणून नव्हे.

अशा घरांना दोन गोष्टी आवर्जून सांगते. जनऔषधी केंद्रात तीच औषधं बरीच स्वस्त मिळतात, डॉक्टरांकडून मूळ औषधाचं नाव लिहून घ्या. आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. रुग्णालयात दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा.

करसवलत, जीएसटी कपात, लाडकी बहीण यांनी हाती पैसा वाढला का?

वाढला, पण वेगवेगळ्या घरांत वेगवेगळा. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत. ज्याचं उत्पन्न आधीच करपात्र नव्हतं, त्याला यातून काही मिळालं नाही, आणि अशी घरं खूप जास्त आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले, वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर गेला. वर्षाला २५,००० चा मूळ हप्ता भरणाऱ्याचे ४,५०० रुपये वाचले, ही लहान रक्कम नाही.

लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आतल्या घरात दीड हजार म्हणजे महिन्याच्या उत्पन्नाचा ठळक हिस्सा. पैसा बाईच्या खात्यात येतो याचं मोल मला रकमेहून जास्त वाटतं. वहीत तो कुठे जातो? गॅस, मुलांची फी, बचत गटाचा हप्ता, थकलेली उधारी. स्वतःसाठी चप्पल घेतली असं लिहिलेलं फार थोड्या वह्यांत सापडलं.

पैसा कमी पडू लागला की घर आधी कुठे हात आखडतं?

क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी बाहेरचं खाणं आणि फिरणं जातं. मग कपडे, भांडी, घरातली डागडुजी पुढे ढकलली जाते. मग पाकिटं लहान होतात: मोठी बाटली परवडत नाही म्हणून रोज पाऊच, आणि तो मापाने महागच पडतो. कंपन्याही हे ओळखून आहेत. पाच आणि दहा रुपयांचा पुडा त्याच किमतीला राहतो, आतलं वजन घटतं. त्यानंतर ताटातून फळं जातात, दूध अर्धा लिटरने कमी होतं, डाळ पातळ होते. या टप्प्यावर घरातली बाई सगळ्यात आधी स्वतःचं कमी करते, आणि कुणाला सांगत नाही.

एका घराचा कमी झालेला खर्च दुसऱ्या घराचं उत्पन्न असतो. कोपऱ्यावरचा शिंपी, ब्युटी पार्लर चालवणारी ताई, रविवारी नाट्यगृहाबाहेर वडे तळणारा, शिकवण्या घेणारा पदवीधर यांचं पोट इतरांच्या उरलेल्या पैशावर आहे. मोठ्या शहरातल्या चार सोसायट्यांनी बाहेर खाणं अर्ध्यावर आणलं की त्या गल्लीतल्या पोळीभाजी केंद्रातली एक मदतनीस घरी बसते. ती वरच्या हिशेबातल्या तिसऱ्या घरातली असते.

वस्तू हप्त्यांवर घेतली तर आजच्या भावात मिळते. मग त्यात वाईट काय?

शिवणयंत्र घेतलं आणि त्यावर कमाई होणार असेल, तर काहीच वाईट नाही. फोन, टीव्ही, सहल हप्त्यावर घेतली की पुढच्या महिन्यांचा उरणारा पैसा आजच खर्च झाला. हप्ता एकदा लागला की तो आवश्यक खर्चात जाऊन बसतो, आणि पुढच्या भाववाढीला तोंड द्यायला जागा राहत नाही. "शून्य टक्के व्याज" दिसलं तर रोखीत किती सूट आहे आणि प्रक्रिया शुल्क किती, हे दोन प्रश्न विचारा. क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरून पुढे ढकलू नका. वर्षाला तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं.

आमच्या घरची महागाई कशी काढायची?

तीन महिने वही ठेवा. फोनमधल्या हिशेबापेक्षा कागद बरा, कारण तो सगळ्यांना दिसतो. पानाला दोन रकाने: टाळता न येणारं आणि टाळता येणारं. फी, विमा, दिवाळी, गणपती असा वर्षातून एकदा येणारा खर्च बाराने भागून दर महिन्यात धरा. बहुतेक घरांचा हिशेब इथेच चुकतो. एरवी बरं चाललेलं घर जूनमध्ये शाळा उघडताना अचानक अडतं ते यामुळे.

मग रोजच्या वीस वस्तू आणि सेवांचे आजचे भाव तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा लिहा, आणि महिन्याला जितकं लागतं तितक्याने गुणून बेरीज करा. दोन बेरजांमधला फरक ही तुमच्या घरची महागाई. पगारवाढ मागायला जाताना हा कागद जवळ असू द्या. "परवडत नाही" म्हणण्यापेक्षा "वर्षात आवश्यक खर्च २,३०० रुपयांनी वाढला" हे जास्त ऐकलं जातं. शाळेने दरवर्षी फी वाढवली तर तीही या कागदावर दिसेल. महाराष्ट्राच्या फी नियमन कायद्यानुसार मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं तीच राहायला हवी, आणि पालक-शिक्षक संघाच्या सभेत हे विचारता येतं.

काटकसर कुठे करू नये?

आरोग्यविम्याचा हप्ता, चालू असलेली औषधं, मुलांचं दूध-अंडं आणि मुलींचं शिक्षण. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. बारावीनंतर "बघू पुढच्या वर्षी" म्हणण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा.

आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाने, अगदी शंभर-दोनशे का असेनात, हिशेब न मागता खर्चायला काही ठेवा. आजीच्या हातात नातवाला द्यायला पन्नास रुपये असणं हा घराच्या गरजेचाच भाग आहे.

मुलांना हे सगळं सांगावं का?

सांगावं, साध्या शब्दांत आणि हिशेब समोर ठेवून. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आजूबाजूची कुजबूज कळतच असते, आणि न सांगितलेल्या गोष्टीची ते जास्त भीती घेतं. किराण्याची यादी त्याला लिहू द्या, भाव त्यालाच विचारून येऊ द्या. मात्र "तुझ्या फीमुळे भागत नाही" हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये.